मारुतीच्या नावाचा एक

पहिल्या दिवशी हातमोजा चढवला आणि शर्वरी निखारेला वाटलं, बाबांनी आपला हात धरला.

नुसतं वाटलं नाही, धरलाच होता म्हणा ना. नागपूरच्या विमानतळामागे विमानं दुरुस्त करणारे जे अवाढव्य हँगर आहेत, त्यांतल्या ‘व्योमसेवा’ कंपनीत तिचे बाबा, श्रावणजी निखारे, उभी हयात मेकॅनिक होते. त्यांनी आवळलेला बोल्ट कधी सैल निघाला नाही, अशी त्यांची ख्याती. ते निवृत्त व्हायच्या आधी कंपनीने त्यांचा उजवा हात उतरवून घेतला. म्हणजे हात जागेवरच राहिला, त्यातलं कसब तेवढं उतरवलं.

आपण बोट हलवतो तेव्हा स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते. ती कातडीवरूनही टिपता येते. डॉक्टर छातीवर तारा लावून हृदयाचा आलेख काढतात तो असाच. या हातमोज्याला आतून केसाहून बारीक तारांची जाळी होती. उस्ताद काम करत असताना कुठल्या स्नायूने कधी आणि किती जोर लावला, ते ती जाळी टिपून ठेवी. पुढे शिकणाऱ्याने हातमोजा घातला की जाळी उलटं काम करी, त्याच स्नायूंना त्याच क्रमाने विजेचा हलका स्पर्श देई. हात ओढला जात नसे, फक्त आतून कळे की आता अंगठा दाब, आता मनगट सैल सोड. सहा महिने असं केलं की हातमोजा काढला तरी हात विसरत नाही. पूर्वी चार वर्षांची उमेदवारी लागायची, ती अशी सहा महिन्यांवर आली.

कंपनीने हातमोज्याची पहिली बॅच मुद्दाम मुलींची घेतली. हँगरमध्ये बायका औषधालाही सापडत नसत आणि ते आता चारचौघांत बरं दिसेना. आसपासच्या जिल्ह्यांतून चौदा मुली निवडल्या, त्यांत एक शर्वरी. चहाच्या टपरीवर जुने मेकॅनिक म्हणाले, “पोरींच्या हातात जोर तरी राहाते का?” मुलींनी मनावर घेतलं नाही. सगळ्यांच्या हातमोज्यांत श्रावणजींचाच हात, म्हणून हातमोज्याला त्या ‘काका’ म्हणत. “आज काका कडक हायेत,” असं गडचिरोलीची पायल मडावी पाना धरता धरता म्हणे, आणि सगळ्या हसत.

शर्वरीला मात्र हसता हसता कधी कधी भरून येई. लहानपणी तिने विमान बघायचा हट्ट धरला, तेव्हा बाबा म्हणाले होते, “तिथं पोरीचं काय काम?” त्यानंतर तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी नेलं नाही. आणि आता त्यांचाच हात तिला आतून शिकवत होता, तोही किती मायेने! रागवावं की खूश व्हावं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. हँगरच्या दारावर त्या हाताचा दारभर मोठा फोटो होता. येता-जाता ती त्याच्याकडे बघायची.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना गुरुवारी दुपारी रणदिवे साहेबांनी चौदाही जणींना सरावाच्या खोलीत बोलावलं. रणदिवे गुणवत्ता विभागाचे प्रमुख, मूळचे साताऱ्याचे. माणूस वाईट नव्हता, पण विमान पडू नये ही काळजी चोवीस तास वाहून त्यांचा चेहरा कायमचा आंबट झाला होता. त्यांनी पडद्यावर पंखाच्या पॅनलची सोनोग्राफी लावली.

“बोल्टाच्या छिद्राभोवती हे पांढरं दिसतंय? आतले थर चुरडलेत. अशी नऊ पॅनल आहेत, आणि नऊच्या नऊ तुमच्या बॅचने बसवलेली आहेत.”

ती पॅनल ज्या विमानाची होती ते नवं, कार्बनचं होतं आणि मुलींच्या हाती आलेलं त्या जातीचं पहिलंच. जुनी विमानं ॲल्युमिनियमची असत. धातू सोशीक, थोडं जास्त दाबलं तरी चालवून घेतो. कार्बनची गोष्ट वेगळी. कार्बनच्या धाग्यांचं कापड थरावर थर रचून, मध्ये राळ मुरवून भाजून काढलेली ती कातडी धातूपेक्षा हलकी आणि बळकट असते खरी. पण बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला तर आतले थर मुकाट्याने चिरडतात आणि वरून साधा पोचाही दिसत नाही. म्हणून टॉर्क पाना वापरायचा. त्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की पाना ‘कट्’ असा वाजतो. कट् वाजलं की थांबायचं, ही या धंद्याची बाराखडी.

“सर, कट् वाजलं की आम्ही थांबतो,” पायल म्हणाली.

“मग हे काय भुतांनी आवळलं? तेच विमान, तेच पाने. पुरुष मेकॅनिकांच्या पॅनलवर एक डाग नाही.” रणदिवे खुर्चीत बसले. “विमान अजून उडालं नव्हतं, हे नशीब. सोमवारी मी अहवाल पाठवणार. तोवर तुमच्यापैकी कोणी पान्याला हात लावायचा नाही. आणि खोटी आशा दाखवत नाही, ही बॅच पुढे चालेल असं मला वाटत नाही.”

मुली उठल्या तसे ते पुन्हा म्हणाले, “शर्वरी, शनिवारी ‘मुलींचा दिवस’ आहे. शाळेच्या मुली येणार त्या येऊ देत. विमान दाखव, नाश्ता द्या. पण ‘तुम्हीही इकडे या’ वगैरे आता सांगू नकोस.”

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. त्या दिवशी करायचं भाषण ती महिनाभर घोकत होती.

बाहेर पायल भिंतीला टेकून उभी होती. “गावात माझा बॅनर लागला हाये वं,” ती म्हणाली. “विमान दुरुस्त करणारी पहिली पोरगी म्हणून. आता कोणतं तोंड घेऊन जाऊ?” शर्वरी तिच्याशेजारी भिंतीला टेकली. आधी जोर नाही म्हणून हिणवलं, आता जोर जास्त म्हणून हाकलणार. बोलणाऱ्याच्या तोंडाला काय, सगळंच शोभतं.

ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी लोणच्याच्या बरणीशी झोंबत होती. निखाऱ्यांच्या घरात बरणी उघडणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. श्रावणजी झाकण लावत ते असं, की पुढच्याने कोमट पाणी, फडकं आणि देवाचं नाव एवढं घेऊनच बसावं. शेजारच्या पोरांना त्यासाठी हाक मारावी लागे.

“हा माणूस बरणी लावते का दुश्मनी काढते!” आई करवादली. “लोणच्याची काय तिजोरी करायची राहाते?” आणि एकदम थांबली. “अवं, पण हे तं आठ दिवसांपासून आत्याकडे पवनीले गेले हायेत. मंग लावली कोणी?”

“मीच लावली सकाळी,” शर्वरी म्हणाली.

“घ्या! एक कमी होता का घरात? आता तूबी?”

शर्वरी चपला काढता काढता तशीच उभी राहिली. मग तिने आईच्या हातातून बरणी घेतली, कोमट पाण्याखाली धरून कशीबशी उघडली, आणि डोळे मिटून पुन्हा लावली. झाकण फिरलं, बसलं, थांबलं. आणि तिने काही न ठरवता तिच्या अंगठ्याने आणखी एक बारीकसा हिसका दिला. इतका छोटा, की डोळे उघडे असते तर कळलाही नसता.

तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. हा हिसका तिचा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तिचा हात असं करत नव्हता. तो कुठून आला हे तिला उभ्या जगात कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री तिला इकडे आड तिकडे विहीर झालं. गप्प बसावं तर पायलसकट चौदा जणी घरी जाणार आणि पोरींच्या हाताला समज नसते हे कायमचं शिक्क्यानिशी ठरणार. बोलावं तर दारावरचा तो फोटो उतरणार. बाबांपाशी आयुष्यात मिरवण्यासारखं ते एकच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी श्रावणजी पवनीहून आले. हातपाय धुऊन बसले, तशी शर्वरीने त्यांच्यापुढे उघडी बरणी ठेवली.

“बाबा, एवढी लावून द्या.”

त्यांनी लावली. झाकण बसलं, थांबलं; अंगठ्याने बारीक हिसका दिला आणि ओठ किंचित हलले.

“आत्ता काय म्हणाले तुम्ही?”

“मी? काहीच नाई.”

“ओठ हलले ना!”

श्रावणजी हसले. “थे होय! मारुतीच्या नावाचा एक. आम्ही कामाले लागलो तवा पाने जुने राहात. स्प्रिंग थकलेली, कट् लवकरच वाजे अन् बोल्ट ढिला राहून जाये. तं आमचे उस्ताद म्हणत, पान्याचा हिशेब झाला, आता वरून एक मारुतीच्या नावाचा. वाऱ्याचा पोरगा थो. विमान त्याच्याच हवाली हाये ना! तवापासून लागलं थे हाताले. आता तं मले समजतबी नाई.”

मग शर्वरीने सगळं सांगितलं. नऊ पॅनल, चुरडलेले थर, सोमवारचा अहवाल. श्रावणजींचा चेहरा आधी लाल झाला.

“म्हणजे माझा हात खोटा? एवढी विमानं गेली या हाताखालून, एक बोल्ट ढिला निघाला का कधी?”

“हात खोटा नाई, बाबा. तवा तुमचं बरोबरच होतं. आता पाने नवे आले, विमानाची कातडी बदलली. हात तेवढा तिथंच रायला.”

श्रावणजी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “लग्न झाल्यापासून सांगून रायली, झाकणं एवढी आवळू नका म्हणून. पण बायकोचं कोण ऐकते?” एरवी यावर घरात भांडण जुंपलं असतं. आज जुंपलं नाही.

शर्वरी त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी विचारलं, “पोरी किती हायेत?”

“चौदा.”

“अन् समद्यायले काढून रायले?”

“हाव.”

त्यांनी आपला उजवा तळवा उलटसुलट करून बघितला. “मी तुले कधी हँगर दाखवला नाई,” ते म्हणाले. “पोरीचं काय काम, म्हणालो. अन् माझ्या हाताची खोड इतक्या वर्षांत कोणाले दिसली नाई, थे तुले दिसली.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. “माझ्या फोटोसाठी चौदा पोरी घरी बसवाच्या का? उद्या मले घेऊन चाल.”

शनिवारी सकाळी शर्वरी तयार होऊन बाहेर आली तर ते कंपनीचा जुना निळा शर्ट घालून दारात उभे होते.

हँगरमध्ये शाळेच्या मुलींचा नुसता चिवचिवाट होता. काटोल, उमरेड, मौदा इथल्या नववी-दहावीच्या मुली विमानाच्या पोटाखाली माना वर करून उभ्या होत्या. पायल त्यांना चाकं दाखवत होती, पण तिच्या तोंडावर कळा नव्हती. रणदिवे साहेबांनी श्रावणजींना पाहिलं आणि लगबगीने पुढे आले.

“अरे वा, निखारेकाका! मुलींनो, दारावर ज्यांचा हात आहे ना, ते हे.”

मुलींनी टाळ्या वाजवल्या. श्रावणजींनी हात जोडले. “साहेब, त्या सरावाच्या ठोकळ्यापाशी चाला. थोडं काम हाये. अन् पोरीबी येऊ द्या. त्यायच्या समोरच पाहिजे.”

सरावाच्या ठोकळ्यात बोल्टाखाली ताण मोजणारी चकती असते आणि पडद्यावर त्याची रेघ उमटते. पाना स्वतः फक्त कट् वाजेपर्यंतचाच जोर नोंदवतो; पुढचं त्याला ठाऊक नसतं. चकतीला मात्र सगळं कळतं. श्रावणजींनी पाना घेतला, डोळे मिटले आणि बोल्ट आवळला. रेघ चढत गेली, कट् वाजलं, रेघ सपाट झाली; आणि मग तिच्यावर एक छोटंसं टेंगूळ आलं.

“हे काय?” रणदिवे पुढे झुकले.

“आता शर्वरी, तू. हातमोजा नको.”

शर्वरीने आवळला. तसंच टेंगूळ. पायलने आवळला. तेच. रणदिवेंनी टपरीवरून एका जुन्या मेकॅनिकला बोलावून घेतलं. हा हातमोज्यावर शिकलेला नव्हता आणि दुसऱ्या उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला होता. त्याची रेघ कट् वाजल्यावर सपाटच राहिली.

“अजून एक,” शर्वरी म्हणाली. तिने गर्दीतून मौद्याच्या एका चिमखड्या मुलीला पुढे घेतलं. अवनी बावणे तिचं नाव. दोन वेण्या, हाताची बोटं भेंडीएवढी. शर्वरीने तिला पाना कसा धरायचा ते दाखवलं. अवनीने दात-ओठ खाऊन पाना ओढला, कट् वाजलं आणि तिने हात उचलला. रेघ सपाट.

“अजून थोडं आवळावंसं नाही वाटलं तुला?” रणदिवेंनी विचारलं.

“काऊन? कट् वाजलं की थांबाचं, असं ताईनंच सांगतलं ना,” अवनी म्हणाली.

सगळे हसले. श्रावणजींनी मग मारुतीच्या नावाचा एक म्हणजे काय, ते सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही.

रणदिवेंनी कपाळाला हात लावला. आता त्यांनाही उलगडलं होतं. यंत्राला शिकवताना असं सांगितलेलं होतं, की उस्ताद शिंकला, दचकला, त्याचा हात घसरला तर तेवढं गाळून टाक. कधीमधी घडतं ती चूक आणि दर वेळी घडतं ते कसब. श्रावणजींचा तो एक दर वेळी होता. यंत्राने तो कसब समजून जपला आणि चौदा हातांत पेरून दिला. तज्ज्ञांनी आलेखावर ते टेंगूळ पाहिलंही होतं, पण एवढ्या मोठ्या उस्तादाच्या हातात उगीच काही असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

“काका,” रणदिवे हळूच म्हणाले, “तुम्ही बोलला नसता तर हे कोणाला कळलं नसतं.”

“माझ्या पोरीले कळलं होतं, साहेब.”

शर्वरीने मान फिरवली, कारण डोळे पुसायचे होते आणि समोर चाळीसएक पोरी बघत होत्या.

रणदिवेंनी चौदा जणींकडे तोंड केलं. “मी चुकलो,” ते म्हणाले. “घाई केली. तो अहवाल आता नव्याने लिहिणार, आणि पॅनल दुरुस्त करायला तुम्हीच येणार.” क्षणभर कोणाला खरं वाटेना. मग पायलने शर्वरीच्या गळ्यात हात टाकले आणि एकदम हसायलाच लागली. बाकीच्या मुलींच्या छातीवरचा धोंडाही उतरला. बघता बघता तिथे शाळेच्या सहलीपेक्षा जास्त कलकलाट झाला.

“हातमोज्यातलं टेंगूळ तर दुपारपर्यंत काढून टाकता येईल,” रणदिवे म्हणाले. “प्रश्न यांच्या हातांचा आहे. त्यांत ते मुरलंय.”

“हातातलं काढायले माणूस लागते,” श्रावणजी म्हणाले. “मी येत जाईन रोज. मलेबी सोडाचंच हाये. समद्या मिळून सोडू.”

“आणि साहेब, माझं भाषण?” शर्वरीने विचारलं.

रणदिवेंचा आंबट चेहरा पहिल्यांदाच थोडा गोड झाला. “कर की!”

शर्वरी पायरीवर चढली. महिनाभर घोकलेलं एकही वाक्य तिला आठवेना. समोर अवनी अजून पाना हातात घेऊन उभी होती आणि तिच्यामागे दारावरचा तो मोठा फोटो दिसत होता. तो उतरवायला कोणीही निघालं नव्हतं.

“तुम्हीही या,” शर्वरी म्हणाली. “जोर किती हाये थे कोणी इचारलं तर सांगा, आमाले थांबता येते.”

परतताना श्रावणजींनी वाटेतल्या मारुतीपाशी गाडी थांबवायला सांगितली. शनिवार असल्याने तेल वाहणाऱ्यांची रांग होती. त्यांनी रुईची माळ घातली, नारळ फोडला, नमस्कार केला. दोन पावलं मागे आले, आणि परत जाऊन आणखी एक नारळ फोडला.

“हा कायचा?” शर्वरीने विचारलं.

“त्याचा एक,” श्रावणजी म्हणाले. “आता त्याचा त्याले इथंच देत जाईन.”

तिला इतकं हलकं वाटलं की ती रस्त्यातच मोठ्याने हसली. शेंडीसकट खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन दोघं घरी आली.

रात्री जेवायला बसल्यावर आईने बोलता बोलता लोणच्याची बरणी ओढली. झाकण दोन बोटांत फिरलं आणि अलगद हातात आलं. आईचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. तिने झाकणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“हे कोणी लावलं होतं?”

“मीच,” श्रावणजी म्हणाले.

“एवढं ढिलं? मुंग्या लागतीन ना!” असं म्हणून तिने झाकण परत लावलं, आणि दोघांच्या देखत, चांगलं करकचून, वरून आणखी एक हिसका दिला.